टिटवी खडीवर बसली होती

आण्णा,

काल तुमचं दहावं झालं. घाटावर माइक लावला होता. जो उठला त्यानं हेच सांगितलं, की पावसाचा आण्णांचा अंदाज जन्मात कधी चुकला नाही. मी बायकांत बसून ऐकत होते. जूनमध्ये करपलेलं रोप एकालाही आठवलं नाही. ज्यांच्या वाफ्यात ते करपलं, ती माणसं तर पुढच्याच रांगेत बसून माना डोलवत होती.

तुम्हाला राग येईल, पण मला त्यांच्यापेक्षा तुमचाच राग जास्त आला. ते खोटं बोलले, तसं मेलेल्या माणसाविषयी सगळेच बोलतात. तुम्ही जिवंतपणी बोललात, आणि माझ्यासमोर बोललात. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय. समोरचा माणूस उठून गेला म्हणून मी माझी बाजू सोडून द्यावी, हे मला पटत नाही. तुमचीच मुलगी आहे.

तुम्ही पाऊस कशाकशात बघायचात, ते गावाला पाठ होतं. होळीतला मधला एरंडाचा दांडा जळून कुठल्या अंगाला पडतो. कावळा घरटं शेंड्याला बांधतो की मधल्या बेचक्यात. मुंग्या अंडी तोंडात धरून भिंत चढायला लागल्या का. चंद्राला पडलेलं खळं त्याला चिकटून आहे की लांब. यंदा मृगाचं वाहन बेडूक आहे की कोल्हा. प्रत्येक नक्षत्राची एकेक ओळ तुमच्या तोंडात होती, आणि ती म्हणताना तुम्ही समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारायचात. त्या ओळी मी इथं लिहीत नाही. तुमच्या घोगऱ्या आवाजात त्या खऱ्या वाटायच्या; कागदावर नुसतं यमक उरेल.

या सगळ्यांत वर टिटवी. वैशाख सरता सरता खालच्या खाचरात जाऊन टिटवीनं अंडी कुठं घातलीत ते बघायचं, हा तुमचा नेम. खाचराच्या मधोमध, खोलगट जागी घातली तर पाऊस कमी, कारण बुडायची भीती नाही हे तिला कळलेलं असतं. बांधावर घातली तर बेताचा. पार वर माळावर गेली, तर मग लई. लहानपणी मला तुम्ही बरोबर न्यायचात. "लांबनं बघ. सावली पडू दिऊ नगं तिच्यावर." मला नुसती ढेकळं दिसायची. तुम्ही हनुवटीला धरून माझं तोंड वळवायचात, आणि मग एकदम त्या ढेकळांतली काही ठिपक्यांची निघायची. ढेकूळ कुठलं आणि अंडं कुठलं हे ओळखायला मला तुम्ही शिकवलंत. पुढं कॉलेजात नकाशावरच्या बारीक रेषा वाचताना वर्गातल्या शहरातल्या पोरी चाचपडायच्या, मला ते झटकन जमायचं. ते कुणामुळे, हे मला माहीत आहे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच गावभर करून आला असतात.

गावभर करायची तुम्हाला हौस होतीच. आपल्या घरात शाळेच्या पुढं गेलेली मी पहिली. बी.ए. झाले, भूगोल घेऊन, तेव्हा तुम्ही काळ्या डगल्यातला माझा फोटो मोठा करून ओटीवर लावलात, अगदी पंचांगाच्या शेजारी. आल्यागेल्याला दाखवायचात. "पोरगी पावसाचंच शिकलीया. वारं कुटनं येतं, ढग कुटं आडतो, सगळं." आलेला माणूस फोटोकडे बघायचा, मान हलवायचा, आणि मग तुमच्याकडे वळून विचारायचा, "बरं आण्णा, यंदा कसंय?" तुम्ही सांगायला लागायचात. मी आत चहा ओतत असायचे. एकदाही तुम्ही आत हाक मारून म्हणाला नाहीत, की ये गं, तू पण सांग. फोटो ओटीवर, मी चुलीपाशी.

लग्नाआधी सकाळी पिरंगुटच्या बसला निघाले की तुम्ही डोंगराकडे बघून सांगायचात, छत्री घे. मी मुद्दाम घ्यायचे नाही. भिजून यायचे. तुम्ही टॉवेल पुढं करून मिशीत हसायचात. आता सांगते, आण्णा, मुळशीत आषाढात छत्री घे म्हणायला काही विद्या लागत नाही. पण टॉवेल रोज कोरडा असायचा, हेही खरं.

मग खालचं खाचर गेलं, वरचं तेवढं राहिलं. विकासचं लग्न, विकासची गाडी, विकासच्या भाड्याच्या खोल्या. माझा भाऊ काय मागतो आणि तुम्ही काय देता, यावर मी तेव्हाही बोलले नाही. प्लॉटिंगवाल्यांनी आल्या आल्या बांध सपाट केले, डोंगर पोखरून मुरूम आणला, खाचराच्या मधून उंच भर टाकून रस्ता काढला आणि त्यावर खडी पसरली. कमानीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी व्हॅली लिहिलं. बैल त्याआधीच गेले होते. उरलं एवढंच, की मे महिन्यात दोन माणसं ओटीवर येऊन विचारायची, "आण्णा, धूळवाफ कधी टाकायची?" पालापाचोळ्याचा राब भाजलेला असायचा, वाफ्यात राख आणि कोरडी धूळ. त्या धुळीत भाताचं बी टाकून पावसाची वाट बघत बसायचं, ही आपल्याकडची पद्धत. पाऊस वेळेवर आला तर रोप सगळ्यांच्या आधी तयार. नुसती एक सर येऊन गेली आणि मागनं ताण पडला, तर बी उगवतं आणि जागच्या जागी जळतं. म्हणून तो एक दिवस कुणीतरी सांगावा लागतो. गावात तो तुम्ही सांगायचात.

यंदाच्या मे महिन्यात मी रविवारी सासरहून, घोटावड्याहून आले, तेव्हा तुम्ही दारातच उभे होतात. चहासुद्धा घेऊ दिला नाहीत. "चल. दावतो." सत्तरी उलटलेला माणूस, पण त्या प्लॉटिंगच्या कमानीखालून तुम्ही पोरासारखे चाललात. रस्त्याच्या भरावावर, पार वर, खडीत टिटवी बसली होती. तुम्ही चारी बाजूंनी बाभळीची काटेरी शिरं लावून तिला कुंपण केलं होतं. रोलर आला होता म्हणालात. ड्रायव्हर बिहारचा. तुम्ही त्याच्यापुढं आडवे होऊन म्हणाला होतात, "ओ भय्या, हितं अंडा है. बाजूसे लेव." तो हसला, पण रोलर त्यानं बाजूनं घेतला. ते सांगताना तुमचा चेहरा मी विसरणार नाही. अंडी वाचवणारा माणूस म्हणून तुम्ही मला त्या क्षणी फार आवडलात. तिथंच थांबला असतात तर.

"बघितलंस? माळापेक्षा बी वर. अशी वर मी जन्मात बघितली न्हाई. यंदा लई पाऊस. आन् लई म्हंजी लवकर. रोहिणीतच वाफं टाकायचं."

मी म्हणाले, "आण्णा, ती वर नाही गेली. ती खडीवर गेली."

"म्हंजी?"

"तिला अशीच जागा लागते. बारीक दगड, उघडं, लपून जाणारं. पूर्वी ती खाचरात मिळायची. आता खाचर कुठंय? इथली उंची डंपरवाल्यानं केली, पावसानं नाही."

तुम्ही वाकून कुंपण नीट केलंत. टिटवी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालत होती. मग म्हणालात, "पाखराला कळतंय. तुला न्हाई कळायचं."

मला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात बसवलंय. ओला पुठ्ठा म्हणजे मेलेला पुठ्ठा. कुठला ट्रक कधी सोडायचा, ताडपत्री कधी घालायची, हे मीच ठरवते, त्यामुळे पावसाचा अंदाज मला रोज बघावा लागतो. मी तुम्हाला मोबाइल दाखवला. म्हणाले, मधे एक वळवाची सर येईल, पण मोसमी पाऊस लांबतोय. धूळवाफ टाकायची घाई करू नका, आणि लोकांना तर मुळीच सांगू नका. आणि समजा तुम्हाला माझं पटत नसेल, तर निदान एवढं म्हणा, की यंदा मला ठाऊक नाही.

तुम्ही थांबलात. माझ्याकडे असं बघितलंत, जसं मी काहीतरी घाणेरडं बोलले होते. "ठाऊक न्हाई म्हणणाऱ्याला कोण इचारतंय?"

हे आपलं भांडण, आण्णा. टिटवीचं नव्हतंच. तुमची टिटवी चुकली, माझा मोबाइलही चुकतो. गेल्या वर्षी त्यानं कोरडं सांगितलं आणि माझा अख्खा ट्रक भिजला, तेव्हा साहेबांपुढं उभं राहून मी म्हणाले, माझा अंदाज चुकला. जीभ झडली नाही माझी. मला तुमच्या तोंडून तेवढंच ऐकायचं होतं. आयुष्यात एकदा.

तुम्ही काय केलंत? त्याच संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर गेलात. मीही मागनं आले, आईनं पाठवलं होतं म्हणून, जेवायला बोलवायला. ओटा भरलेला. तुम्ही टिटवीचं सांगत होतात, आणि शेजारचे रामभाऊ आ वासून ऐकत होते. त्यांनीच मला बघून विचारलं, "काय ताई, तुमचा कंपूटर काय म्हनतोय?" मी म्हणाले, थांबा थोडं, पाऊस लांबेल असं दिसतंय. मी मोठ्यानं बोलले नाही. तुमच्याविरुद्धही बोलले नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

तुम्ही म्हणालात, "आगं, तुझा मोबाइल अंडी कुटं घालतो, ते तर सांग आदी."

ओटा फुटला हसून. रामभाऊंना तर ठसका लागला. तेवढ्यावर भागलं नाही तुमचं. हसू ओसरायला लागलं तेव्हा तुम्ही आणखी एक टाकलंत. "खोकी मोजनारीनं पावसाचं सांगू नये."

मी जेवायला बोलवायला आले होते, ते न बोलावताच परत गेले. आईला सांगितलं, येतील ते, त्यांना आज भूक नाही, पोट भरलंय.

मग सर आली. रोहिणीत, तुम्ही म्हणाला होतात तशीच. गाव नाचलं. वाफे हिरवे झाले, पोपटी, डोळ्यांत भरणारे. विकासनं मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, आण्णा एक नंबर. मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर आभाळ असं कोरडं झालं, जसं कुणी पुसून घेतलं. मृग निम्मा सरला तेव्हा रोपाचे शेंडे पिवळे झाले होते. नंतर तांबडे झाले. बोटात धरलं तर चुरा व्हायचे. ज्यांच्याकडे विहीर होती, त्यांनी पाइप टाकून थोडं वाचवलं. बाकीच्यांनी पुन्हा बियाणं आणलं, पुन्हा नांगरट, पुन्हा वाट बघणं. रामभाऊ आपल्या दारावरून जाताना थांबून म्हणाले म्हणे, "काय आण्णा, टिटवी रजेवर गेली व्हय?" पोरं रस्त्यानं जाताना टिटवीसारखी ओरडायची. तुम्ही ओट्यावर जायचं बंद केलंत.

त्यानंतर मी दर रविवारी आले. तुम्ही अंगणात खाट टाकून डोंगराकडे पाठ करून बसायचात. आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला मी डोंगराकडे पाठ केलेलं बघितलं. मी शेजारी बसायचे. चहा व्हायचा, कंपनीचं बोलणं व्हायचं, माझ्या नवऱ्याची चौकशी व्हायची. आभाळाचं नाव दोघंही काढायचो नाही. मी वाट बघत होते. तुम्हाला चिडवायचं नव्हतं मला, एवढा जीव माझा तुमच्यावर होता. फक्त तुम्ही म्हणावं, तू म्हणत हुतीस तसं झालं. किंवा तेही नाही, नुसतं विचारावं, काय म्हणतो गं तुझा मोबाइल, कधी यील? एका रविवारी तुम्ही तोंड उघडलंत, माझ्या मोबाइलकडे बघितलंत, आणि म्हणालात, "चहात साखर कमी हाय."

पाऊस आला तो आर्द्राच्या शेवटी, आणि आला तो कोसळतच. ओढे फुटले, पुलावरून पाणी गेलं. पुनर्वसूच्या पावसाला तुम्ही तरणा पाऊस म्हणायचात. तो ऐन भरात असताना एका सकाळी तुम्ही ओटीवर आणलेल्या खाटेवर बसल्या बसल्या मान टाकलीत. कप हातातच होता. आई म्हणते, तुम्ही शेवटचं बोललात ते, "लई झाला आता." पावसाला म्हणालात की कशाला, तिला कळलं नाही. मला फोन आला तेव्हा मी ट्रकवर ताडपत्री घालून घेत होते.

आणि बघा गंमत. तुम्हाला खांद्यावर घेऊन जाताना त्या चिखलात लोक काय बोलत होते? "आण्णा म्हनलं हुतं, यंदा लई पाऊस. झालाच की न्हाई?" तुम्ही म्हणाला होतात लवकर, ते गळालं. रोप जळलं, ते गळालं. लई एवढंच उरलं. तुम्ही गेल्या गेल्या टिटवी खरी झाली. जिवंत होतात तेव्हा दारात येऊन हसले, आणि मेल्यावर न मागता शाबासकी दिली. दोन्ही वेळा कुणाला विचार करायची तसदी नको होती.

हे सगळं मी गिळलं असतं. पण दुखवट्यात इस्माईलभाई भेटायला आले. पौडच्या बाजारात ज्यांच्या खत-बियाण्याच्या दुकानात तुम्ही तासन् तास बसायचात, ते. ओटीवर बसले, तुमच्या पंचांगाकडे आणि माझ्या फोटोकडे बघितलं आणि रुमालानं डोळे पुसले. म्हणाले, "ताई, तुमच्यावर लई भरवसा हुता हां त्यांचा."

मी म्हणाले, "कशावरून?"

त्यांनी माझं सांत्वन करायला म्हणून सांगितलं, हे मला माहीत आहे. त्या माणसाच्या मनात दुसरं काही नव्हतं. "मे सरताना आले हुते दुकानात. बियाणं न्यायला. म्हनले, इस्माईल, तुझ्या मोबाइलात बघ रं पावसाचं. मी बघितलं. म्हनलं, आण्णा, लांबतोय वो. तर गप बसून राहिले खुर्चीत. चा आनला, तो बी थंड झाला. मग म्हनले, पोरगी बी हेच सांगत हुती. शिकलेली हाय, तिचंच खरं असनार."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. विचारलं, "मग?"

"मी म्हनलं, मग गावात सांगा की, थांबा म्हनून. तर म्हनले, आता सांगून बसलोय. आन् पिशवी उचलून गेले."

आण्णा, तुम्हाला माहीत होतं.

तुम्ही चुकलात, यावर मी तुम्हाला कधीच सोडून दिलं असतं. चुकीला काय धरायचं? टिटवीवर विश्वास ठेवणारा भोळा माणूस समजून मी तुमच्यासाठी रडलेही होते, अगदी खरं. पण तुम्ही भोळे नव्हतात. तुम्ही इस्माईलभाईंच्या खुर्चीत बसून चहा थंड होईपर्यंत विचार केलात, आणि ठरवलंत. घरी येऊन सगळ्यांच्या आधी आपल्या वाफ्यात बी टाकलंत, म्हणजे तुमच्या मनात शंका आहे असं कुणाला वाटायला नको. जळणार हे माहीत असताना स्वतःच्या हातानं मूठ टाकलीत. आणि तुमचं बघून रामभाऊंनी टाकली, त्यांचं बघून वरच्या आळीनं टाकली.

आणि मला खोकी मोजणारी म्हणालात त्यानंतर किती तरी रविवार मी तुमच्या शेजारी बसले होते. तेव्हाही तुम्हाला माहीत होतं.

का केलंत, ते मला कळतं, हेच मला सहन होत नाही. खाचर गेलं, बैल गेले, विकास तुम्हाला विचारेनासा झाला. राहिलं ते एवढंच, की वर्षातून एकदा गाव तुमच्या तोंडाकडे बघायचं. ते हातचं जाईल म्हणून तुम्ही गावाचं रोप घालवलंत आणि मुलीला ओट्यावर उभं करून हसं केलंत. कळतं मला. कळलं म्हणून माफ होतं, असं मला कुठल्या पुस्तकात शिकवलं नाही.

आता कालचं सांगते. पिंड ठेवला तेव्हा पाऊस थांबला होता. नदी गढूळ, भरून चाललेली. सगळे मागं सरून उभे राहिले. कावळा कुठं दिसेना. घाटावरची जांभळीची झाडं रस्त्यात गेली, हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्हीच म्हणाला होतात, यंदा कावळ्याचं घरटं बघायला झाडच न्हाई. बऱ्याच वेळानं दोन कावळे पलीकडच्या बंगल्याच्या गच्चीवर येऊन बसले. बघत होते. येत नव्हते.

विकास पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "आण्णा, वरचं खाचर विकनार न्हाई." कावळे हलले नाहीत. त्यांनाही खरं वाटलं नसेल. कुणी म्हणालं आईला सांभाळू म्हणा, ते म्हणून झालं. कुणी म्हणालं नातवाचं नाव घ्या, तेही झालं. गुरुजी घड्याळ बघायला लागले. मग आई माझ्याकडे वळली.

"तुज्यात आडकलाय जीव. म्हन एकदा."

"काय म्हणू?"

"तुमचंच खरं हुतं म्हन. टिटवीचं."

मागनं रामभाऊ म्हणाले, "म्हन की ताई. काय जातंय तुझं?"

काय जातंय माझं. आण्णा, सगळे माझ्याकडे बघत होते. वर्षातून एकदा गाव तुमच्याकडे बघायचं ना, तसंच. एक खोटं वाक्य, आणि सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले असते. आईचा पण. तेव्हा मला कळलं, तुम्ही ओट्यावर बसून सांगायचात तेव्हा ते किती सोपं असायचं.

मी पिंडाजवळ गेले. हात जोडले. आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं." तेवढंच. त्यापुढं म्हणायचं होतं, की तुम्ही दुकानात माझं खरं म्हणालात, ते घरी म्हणाला असतात तर मी तुमचे पाय धरले असते. ते तोंडातून आलं नाही.

गच्चीवरचे कावळे उडाले आणि डोंगराकडे गेले.

गुरुजींनी शेवटी दर्भाची काडी वळून कावळा केला. गवताचा. त्याची चोच पिंडाला लावली आणि म्हणाले, झालं. ज्यानं जन्मभर पाखरं वाचली, त्याला शेवटी एक पाखरू आलं नाही. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. लोक सुटल्यासारखे हलले, चपला शोधायला लागले.

मी पायऱ्या चढत होते, तर रामभाऊ शेजारून चालायला लागले. घसा खाकरला. म्हणाले, "ताई, दुसऱ्या बाराच्या रोपाची लावनी उरकलीया. उद्या खत टाकू का? उघडीप दिईल का दोन दिवस? न्हाय तर समदं वाहून जायाचं."

मला. रामभाऊ मला विचारत होते. आसपासची दोघं-तिघंही थांबली. तुम्ही असतात तर डोंगराकडे बघून, त्यांच्या गुडघ्यावर थाप मारून काहीतरी सांगितलं असतंत. मी मोबाइल काढला. ढगांचं चित्र बघितलं, वारा बघितला, पुन्हा बघितलं. निम्मंनिम्मं होतं. येईलही, नाहीही. मी खरं तेच सांगितलं.

"मला ठाऊक नाही, रामभाऊ."

त्यांनी मान हलवली. मग पुढं चाललेल्या म्हाताऱ्या बबनतात्यांना हाक मारली. तात्यांनी डोळ्यांवर हात धरून डोंगराकडे बघितलं आणि तिथनंच ओरडून सांगितलं, "उघडतंय. टाक बिनघोर."

रामभाऊ खूश होऊन गेले. बाकीचेही त्यांच्या मागनं गेले. पायरीवर मी एकटीच उरले.

तुमचं एवढं मात्र खरं निघालं, आण्णा.